दारातली बादली

माझं काम सांगायला सोपं आहे, पण सांगितल्यावर समोरचा माणूस जरासा मागे सरकतो. लग्नाच्या, बारशाच्या, वास्तुशांतीच्या पत्रिका मी कम्प्युटरवर तयार करतो आणि लोक त्या मोबाईलवरून पाठवतात. शोकसंदेशही मीच करतो. वर फोटो, फोटोला हार, खाली नाव, अंत्ययात्रा किती वाजता आणि कुठून निघणार, मग सगळ्या घरादाराची नावं. लग्नाचं काम हंगामी असतं. हे दुसरं बारमाही, आणि कायम घाईचं. पत्रिका दोन दिवस उशिरा मिळाली तर लोक कुरकुरतात. शोकसंदेश तासभर उशिरा गेला तर कुणाचा तरी भाऊ खांदा द्यायला पोचत नाही.

बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात काकूंच्या घरी मी भाड्याने राहतो. खोली आतली, पण कम्प्युटर ओसरीच्या कोपऱ्यात. तेच माझं ऑफिस. एका बाजूला काकूंची शिवणाची मशीन, दुसऱ्या बाजूला गव्हाची कोठी, मध्ये मी. लग्नाच्या पत्रिका ठरवायला बायका आल्या की काकू त्यांना चहा देत आणि स्वतःही पडद्यावर डोकावत. गुलाबी नको, केशरी घ्या, असं त्या सांगत आणि बायका ऐकतही. गणपती कुठला घ्यायचा यावर मी कधी तोंड उघडलं नाही. ते खातं काकूंचं.

मी मूळचा जतकडचा. तिथून इथं यायचं म्हणजे गाड्या बदलत बदलत यावं लागतं, आणि गावातल्या निम्म्या लोकांना बुऱ्हाणपूर महाराष्ट्रात नाही हे अजून पटत नाही. नववीत शाळा सोडली. मामा इथं यंत्रमागावर होता, त्याच्या मागोमाग आलो. माग मला झेपला नाही. त्या खडखडाटानं डोकं असं धरायचं की जेवण जायचं नाही. पुढे मामा परत गेला आणि मी एका फ्लेक्सच्या दुकानात चौकटींना खिळे ठोकायला राहिलो. तिथल्या मालकांनी मला कम्प्युटरसमोर बसवलं. माझं शुद्धलेखन कच्चं, हिंदी त्याहून कच्चं. ते मागे स्टूल घेऊन बसत आणि एकेक अक्षर दाखवत. गंधमुक्ती, म्हणजे सुतक फिटायचा विधी, हा शब्द मी त्यांच्याकडून शिकलो. आमच्याकडे तो नाही. इथं त्याच्याशिवाय शोकसंदेश पुरा होत नाही.

मालकांचे डोळे अधू झाले, मुलगा इंदूरला नोकरीला, म्हणून त्यांनी दुकान बंद केलं. बंद करताना कम्प्युटर मला दिला. पैसे घेतले नाहीत. मी घुटमळलो तेव्हा म्हणाले, "दुकान संपलं रे बाबा. हुनर थोडीच संपतं? घरूनच कर. भाड्याच्या नादी लागू नको, भाडं माणसाला खाऊन टाकतं." काकूंची ही खोलीही त्यांनीच बघून दिली होती. परक्या गावात एका माणसानं माझ्यासाठी एवढं करावं, हे आठवलं की अजून मला बरं वाटण्याआधी भीतीच वाटते. एवढं मिळालेलं आपल्या हातून सांडणार तर नाही ना, अशी.

मागच्या उन्हाळ्यात काकूंची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. खंडव्याला दिलेली. मी तिला ताई म्हणतो, जरी ती माझ्याहून लहान असली तरी. तिचं आधीचं एक पाचव्या महिन्यात गेलं होतं. त्यामुळे या खेपेला घरात सगळे हळू बोलत, हळू चालत. काकूंनी पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखासुद्धा दुरुस्त करून घेतला. ताई दिवसभर ओसरीवरच्या पलंगावर पडून असे, कारण आतल्या खोलीत उकडायचं. माझ्या टेबलापासून तिचा पलंग हाताच्या अंतरावर.

ती आली त्याच आठवड्यात दारात एक निळी बादली दिसली. भरलेली, आणि पाण्यात कडुलिंबाचा डहाळा.

मला कुणी काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मयताच्या घरून आलेला माणूस दुसऱ्याच्या घरात असाच पाय ठेवत नाही, हे आमच्या गावीही आहेच. फरक एवढाच, की असे लोक माझ्याकडे कामाला येत होते. हातात भिंतीवरून काढलेला फोटो, अंगावर रात्रीचेच कपडे, डोळे सुजलेले. बादली दिसली की तेही काही न विचारता पायावर पाणी घेत, डहाळ्याला हात लावत आणि मग आत येत. एकजण तर पाय धुऊन पायरीवरच बसला आणि तिथूनच मला नावं सांगू लागला. आत ये म्हटलं तर मान हलवली. त्यानं पलंगावरची ताई पाहिली होती.

सगळं फोनवर मागवता आलं असतं असं कुणालाही वाटेल. मीही लोकांना तसं सांगून पाहिलं. पण मेलेल्या माणसाचा बरा फोटो फोनमध्ये नसतो. तो चौकटीत असतो, नाही तर कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बमात असतो. म्हातारी माणसं नीट उभी राहून फोटो काढतात ती लग्नातच. फेटा पुसायचा, मागची माळ पुसायची, शेजारच्याचा खांदा पुसायचा, असं करून मी त्यांना लग्नातून वेगळं काढतो. आणि नावांचा क्रम फोनवर ठरत नाही. थोरल्या सुनेचं आधी की मुलीचं आधी, वेगळा राहिलेला भाऊ घालायचा की नाही, हे समोर बसूनच ठरतं. कधी भांडून ठरतं, कधी रडून.

एका दुपारी ताई झोपलेली असताना मी काकूंना विचारलं, "काकू, मी काम दुसरीकडे नेऊ का?"

त्या शेंगा फोडत होत्या. "मी काही म्हटलं का तुले?"

"नाही."

"मग?"

त्यांनी मला जा म्हटलं असतं तर मी गेलो असतो. राहा म्हटलं असतं तर राहिलो असतो. त्यांनी शेंगांची वाटी माझ्याकडे सरकवली आणि बादलीतलं पाणी बदलायला उठल्या. तापात त्यांनी माझ्या डोक्यावर पट्ट्या ठेवल्या आहेत. भाकरी माझ्या हाताची जळते म्हणून गेली कित्येक वर्षं पोळ्या त्यांच्याच खातो. अशा बाईच्या दारात मी रोज मरण आणून बसवत होतो, आणि ती ते बादलीभर पाण्यानं परतवायला बघत होती.

मी गाळा शोधू लागलो. शनवारा चौकाजवळ एक चांगला मिळत होता, रस्त्यावरचा, पहिल्या मजल्यावर. खाली बांगड्यांचं दुकान. मालकानं काम विचारलं, मी खरं ते सांगितलं. त्यानं दाढी खाजवली. शादीचं कर, बारशाचं कर, पण ते दुसरं इथं नको, माझ्याकडे नवऱ्या चुडा भरायला येतात, असं त्याचं म्हणणं. त्याला काय बोलणार? काकू तोंडानं जे म्हणत नव्हत्या तेच तो म्हणत होता. शेवटी एका बोळातला वरचा गाळा मिळाला. जिना अंधारा, भिंती जुन्या आणि हातभर जाड. तिथल्या मालकाला माझ्या कामाशी देणंघेणं नव्हतं, त्याला फक्त भाडं वेळेवर हवं होतं. गावच्या घराचे पत्रे बदलायला ठेवलेले पैसे मी त्याला आगाऊ दिले.

कम्प्युटर नेला त्या दिवशी काकूंनी त्याला हळदकुंकू लावलं आणि मला डबा दिला. ताई एवढंच म्हणाली, "आता आम्हाले करमायचं नाही भाऊ. टीव्हीपेक्षा तुमच्याकडचं बरं होतं." रिकामं टेबल तसंच ओसरीवर राहिलं.

जुन्या मालकांना हे कळवायचं होतं. रोज ठरवायचो. पण भाड्याच्या नादी लागू नको हे त्यांचं बोलणं कानात असायचं, आणि तोंडावर गाळा घेतला म्हणून सांगायला जीभ वळत नव्हती. येत्या रविवारी जाऊ, असं करत राहिलो.

गाळ्यात काम मंदावलं. पत्रिकावाल्या बायका जिना चढून यायला तयार नव्हत्या. इथं चहा नाही, काकू नाहीत, गणपती कोण निवडणार? म्हातारी माणसं जिन्याखालूनच हाक मारत आणि मी धावत खाली जाई. फोनला वर रेंज नसे, जाड भिंतींमुळे. दर थोड्या वेळानं बोळात उतरून कुणाचा फोन येऊन गेला का ते बघायचं. तरी मनाला एक समाधान होतं, की निदान ताईच्या उशाशी आता ते फोटो येणार नाहीत.

एका सकाळी जिन्यावर पावलं वाजली आणि मालकांचा इंदूरचा मुलगा आत आला. एका हातात चौकट, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. मी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

मालक पहाटे गेले होते. त्यानं मला फोन लावला होता, लागला नाही. वडील नेहमी म्हणायचे, माझं जे काही करायचं ते लोधीपुऱ्यातल्या पोराकडूनच करा. म्हणून तो घरीच गेला. दारात बादली होती, पण त्याला त्यातलं काही माहीत नव्हतं. तो सरळ ओसरीवर चढला. काकू मागे परसात होत्या. पलंगावर ताई होती. तिनं चौकटीतला चेहरा ओळखला, कारण तिच्या लग्नाच्या पत्रिका मालकांनीच छापल्या होत्या. ती उठली, त्याच्या हातातून चौकट घेतली आणि माझ्या रिकाम्या टेबलावर ठेवली. मग त्याला पाणी दिलं. तो रडायला लागला तशी तीही रडली. काकू आल्या तेव्हा दोघं तशीच.

"तुमच्या काकू काही बोलल्या नाहीत," तो म्हणाला. "रस्ता सांगितला फक्त. आणि त्यांच्या मुलीनं ही पिशवी दिली. म्हणाली, यातला फोटो चांगला आहे."

पिशवीत ताईच्या लग्नाचा अल्बम होता.

मी ओसरीवर असतो तर त्याला गल्लीतच गाठला असता. माणूस कोपऱ्यावरून वळला की मला टेबलावरून दिसायचा. ताईला वाचवायला म्हणून मी उठून गेलो, आणि माझ्या रिकाम्या जागेवर तिनं स्वतःच्या हातानं ती चौकट ठेवली.

चौकटीतला फोटो खरंच वाईट होता, ओळखपत्रावरून मोठा केलेला. अल्बममधला चांगला होता. नवरानवरीच्या शेजारी मालक उभे, डोक्यावर फेटा, काहीतरी विनोद करून स्वतःच हसलेले. ताईचा मेंदीचा हात त्यांच्या बाहीवर आला होता. त्यांना वेगळं काढायचं तर तो हात पुसावा लागणार होता. मुलगा घड्याळाकडे बघत होता. घरी लोक जमले होते, संदेश गेल्याशिवाय खंडवा-भुसावळचे नातेवाईक निघणार नव्हते. फेटा मी राहू दिला. हात पुसला. एकेक बोट करून पुसला, कारण बाहीची शिवण बिघडू द्यायची नव्हती. ज्यांनी स्टूलावर बसून मला हे शिकवलं, त्यांच्याच बाहीवर ते करत होतो. गंधमुक्ती लिहिताना हात थांबला, पण चूक झाली नाही.

तिसऱ्या दिवशी ताईच्या पोटात दुखायला लागलं. दिवस भरले नव्हते. रिक्षा मीच आणली. मुलगा झाला, एवढासा, आणि त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरीणबाई काकूंना म्हणाल्या की हिचं बीपी आधीपासूनच चढत होतं, हे होणारच होतं. मी बाजूलाच उभा होतो, ऐकलं. पुढे ते मनात किती वेळा म्हटलं असेल. बीपी चढत होतं. बीपी आधीपासून चढत होतं. पण डोळे मिटले की मला मेंदीची बोटं दिसत, आणि त्यांच्यावरून फिरणारा माझा हात.

खंडव्याहून विहीणबाई आल्या. दवाखान्याच्या बाकावर माझ्याकडे बघून त्यांनी काकूंना विचारलं, "हेच का तुमचे भाडेकरू? काय काम करतात म्हणे हे?"

"पत्रिका बनवतो," काकू म्हणाल्या.

"पत्रिकाच ना?"

काकूंनी पदर सारखा केला. "सगळंच बनवतो. लोकांले लागतं ते."

विहीणबाईंनी पिशवी उचलून बाकावर मधे ठेवली. मी उठलो आणि फळं आणतो सांगून बाहेर गेलो. केळी घेतली. मग लक्षात आलं, या केळीच्या गावात दवाखान्यात कुणी केळी आणत नाही, ती सगळ्यांच्या घरी पडलेलीच असतात. तशीच हातात घेऊन फाटकाशी उभा राहिलो.

ते दिवस मी गाळ्यातच बसून काढले. काम आलं तर करायचं, नाही तर पडद्याकडे बघायचं. इतक्या लहान जिवाचा शोकसंदेश कुणी काढत नाही, हे मला धंद्यामुळे माहीत होतं, आणि ते माहीत आहे याचीच लाज वाटायची. दर थोड्या वेळानं बोळात उतरायचो, फोन बघायचो. काकूंचा फोन आला की भीत भीत उचलायचो. त्या म्हणत, दूध पितो, किंवा म्हणत, आज नाही प्यायला. आणि लगेच विचारत, तू जेवलास का? घरी गेलो की बादलीतल्या पाण्यानं पाय धुऊन, डहाळ्याला हात लावून मगच आत शिरायचो. आता त्या दारात मयताच्या घरून येणारा मीच उरलो होतो. ताई आणि काकू दवाखान्यात होत्या, घर रिकामं होतं, तरी मी ते चुकवलं नाही. पाणी मीच बदलायचो.

पोरगं जगलं. कशानं जगलं ते डॉक्टरीणबाईंना ठाऊक. घरी आलं तेव्हा मुठी वळून झोपलेलं होतं आणि ताई त्याच्याकडे अशी बघत होती की मी आत जायला धजलो नाही. काही दिवसांनी काकूंनी मला ओसरीवर बोलावलं.

"बारशाचं आवतन बनवायचं आहे."

"उद्या गाळ्यावर करून आणतो."

"तिथं नको बनवू." त्या टेबल पुसत होत्या. "तिथं ते सगळं होते. इथं आण तुझं ते, इथं बसून बनव."

कम्प्युटर एकच आहे, हे मी बोललो नाही. ज्या मशीनवर मालकांचा हार काढला त्याच मशीनवर बारसं होणार, टेबल कुठलंही असो. माझे हातही तेच. हे काकूंना कळत नसेल असं नाही. त्यांना कळत होतं आणि तरी त्यांना ते टेबल पुसलेलं हवं होतं. मी बरं म्हटलं.

संध्याकाळी कम्प्युटर चादरीत बांधून आणला. दोन्ही हातांत कम्प्युटरचा डबा, बगलेत पडदा. दाराशी बादली. वाकता येईना, खाली ठेवायला जागा नाही, तसाच उभा राहिलो. काकू बाहेर आल्या, तांब्यानं पाणी घेतलं आणि माझ्या पायांवर ओतलं. मी नको नको म्हणालो. आईच्या वयाची बाई. त्यांनी ऐकलं नाही, डहाळा झटकून चादरीवरही दोन थेंब उडवले.

सकाळी काम काढून बसलो. पाळणा झाला, नाव टाकलं, आत्याचं नाव ठळक केलं. ताई बाळ घेऊन मागे उभी, काकू गणपती बदलून मागत होत्या. तेवढ्यात गल्लीच्या कोपऱ्यावरून एक माणूस वळला. पन्नाशीचा, बहादरपूरकडचा असावा, धोतरावर शर्ट. बगलेत टॉवेलात गुंडाळलेली चौकट. गाळा बंद दिसला म्हणून कुणीतरी त्याला इथं पाठवलं होतं.

मी उठून त्याला गल्लीतच गाठायला हवं होतं. हातात बारशाचं अर्धं काम होतं, मागे ताई होती, आणि मी बसूनच राहिलो. मी काकूंकडे पाहिलं. त्याही माझ्याकडेच बघत होत्या. मी काहीतरी ठरवीन, असं त्यांना वाटत असावं. मला वाटत होतं, त्या ठरवतील.

त्या माणसानंच पाय धुतले. पायरीवर बसला, चौकट उलटी करून मांडीवर ठेवली आणि पडद्यावरचा पाळणा बघितला. मग म्हणाला, "होऊ द्या तुमचं आधी. माय काही आता कुठं चालली नाही."

काकू आत चहा ठेवायला गेल्या. ताई गेली नाही. ती तिथंच उभी राहिली, बाळाचं तोंड पदराखाली घेऊन. मी बारसं पुरं करायला घेतलं. गाळ्याची किल्ली खिशात होती आणि महिन्याचं भाडं भरलेलं होतं. पायरीवरून तो माणूस बाळाचं नाव मोठ्यानं वाचून बघत होता, चांगलं वाटतं का ते.